म्हाताऱ्या बैलांचं, गाढवांचं रिटायरमेंट होम, सोलापूरपासून तासाभरावर: सुट्टीत जा, पण हुरडा पार्टी समजून जाऊ नका (चार स्टार)

पहिलंच सांगून टाकतो, जागेचं नाव आणि मॅपची लिंक मी देणार नाहीये, खाली विचारत बसू नका. त्यांनीच देऊ नका म्हणून सांगितलंय. मागं कुणीतरी तिथली रील टाकली, ती चालली जोरात, आणि त्यानंतर लोक रात्रीचे येऊन म्हातारी जनावरं गेटच्या खांबाला बांधून पसार व्हायला लागले. सकाळी उठून बघावं तर दावं बांधलेला बैल उभा, सोबत ना चारा ना चिठ्ठी. जागा तेवढीच, चारा तेवढाच, तोंडं वाढत चालली. म्हणून एवढंच सांगतो की शहरातून गाडीनं तासाच्या आत आहे, शेवटचा पट्टा कच्चा आहे, आणि खरंच जायचं असेल तर ओळखीच्या जनावरांच्या डॉक्टरला विचारा, ह्या भागातल्या बऱ्याच जणांना माहिती आहे.

आता जागा आहे काय ते. आयुष्यभर काम करून थकलेली जनावरं इथं सांभाळतात. ऊस ओढलेले बैल, नदीतनं वाळू आणि भट्टीवर विटा वाहिलेली गाढवं, वरातीतल्या घोड्या, आणि टांग्याचा एक घोडा. गोशाळा नाही ही, गायी जवळजवळ नाहीतच, त्यामुळं गायीला घास घालून पाया पडून येऊ असा बेत असेल तर सिद्धेश्वराला जाऊन या, ते बरं. प्राणीसंग्रहालय पण नाही. तिकीट नाही, शो नाही, बसायला नाही, गाडीत फिरवत नाहीत.

आम्ही गेलो नाताळच्या सुट्टीत. पुण्याहून मेहुणा बायकोपोरांसकट आला होता आणि त्याला हुरडा खायचा होता, आपल्याकडं डिसेंबर-जानेवारीत पाव्हणा आला की दुसरं काय करणार. तर आधी एका हुरडा पार्टीला गेलो, तिथं हुरडा झाला, शेंगा चटणी झाली, गूळ झाला, आणि मग ती नेहमीची बैलगाडीची चक्कर. चक्कर मारून उतरल्यावर माझी पोरगी (चौथीत आहे, प्रश्नांचा कारखाना) म्हणाली हे बैल म्हातारे झाल्यावर कुठं जातात? मेहुणा म्हणाला गावाला जातात बाळा. ती म्हणाली मामा आपण गावालाच आलोय की. आप्पा, म्हणजे माझे वडील, काहीच बोलले नाहीत, नुसते सुपारी कातरत बसले, आणि ज्या माणसानं चाळीस वर्षं बैल सांभाळले तो गप्प बसला म्हटल्यावर मलाच कसंतरी झालं. मग एका मित्रानं ह्या जागेचं सांगितलं आणि दुसऱ्या दिवशी सगळी वरात तिकडं.

आधी फोन करून जावं लागतं. न विचारता गेलात तर गेटवरनंच परत पाठवतात, आणि त्यात त्यांचं काही चुकत नाही. सकाळी लवकर किंवा दुपारी चारनंतर बोलावतात, मधल्या वेळेत जनावरं बसून रवंथ करतात तेव्हा कुणी जायचं नाही. एका वेळी थोडीच माणसं सोडतात आणि सोबत तिथलं कुणीतरी फिरतं. आम्हाला तिथले डॉक्टरच मिळाले. तरुण माणूस, बोलायला लागला की थांबत नाही, पण जे सांगत होता ते ऐकण्यासारखं होतं.

सगळ्यात आधी बैलांचा गोठा. गोठा म्हणजे अर्धा पत्र्याचा शेड आणि पुढं मोकळं आवार, मधी लिंबाची झाडं, खाली मऊ माती टाकलेली. फरशी नाही. का नाही तर म्हाताऱ्या बैलाला फरशीवर उठता येत नाही, पाय घसरतात, एकदा बसला की बसला. हे मला माहितीच नव्हतं पण आप्पांनी मान डोलावली, म्हणजे खरं असणार. बहुतेक बैल खिलारच, आपल्या सोलापूर-सांगली-सातारा पट्ट्यातले, पांढरे, उंच, मागं वळलेली लांब शिंगं. बाजारात ह्याच शिंगांवर नि चालीवर भाव ठरतो. इथं मात्र पहिलाच जो बैल समोर आला त्याला एकच शिंग. उजव्या बाजूला नुसता गोल खड्डा, त्यावर कातडी धरलेली, केस पण उगवलेत थोडे.

शिंगाचा कॅन्सर. डॉक्टर म्हणाले आपल्याकडच्या बैलांमध्ये हा आजार भरपूर, गायींमध्ये कमी दिसतो. सुरुवातीला बैल डोकं झटकतो, शिंग एका बाजूला कलायला लागतं, मग त्याच बाजूच्या नाकपुडीतनं रक्त यायला लागतं. मालकाला वाटतं कुठंतरी धडकलाय. हळद लावतात, वाट बघतात, तोवर आतनं पोखरून निघालेलं असतं. वेळेत आणला तर शिंग बुडापासून काढून टाकतात आणि बैल पुढं कितीतरी वर्षं जगू शकतो, पण एकशिंग्या बैलाला शर्यत नाही, बाजार नाही, मिरवणूक नाही, त्यामुळं ऑपरेशन झाल्यावर न्यायला कुणी येतच नाही. हा त्यातलाच. नाव ठेवलंय सर्जा. माझ्या पोरीनं विचारलं दुखतं का आता त्याला, तर डॉक्टर म्हणाले नाही, पण थंडीत त्या बाजूला हात लावू देत नाही.

दुसरी गोष्ट जी मी विसरणार नाही ती म्हणजे खांदा. एका बैलाजवळ आम्हाला जाऊ दिलं, तो शांत आहे म्हणाले. वशिंडाच्या पुढं मानेवर जिथं जू बसतं तिथली कातडी काळी पडलेली, एक केस नाही, आणि दाबून बघितली तर आत टणक गोळा. पोरीनं तळहात ठेवला त्यावर. म्हणाली बाबा हे दगडासारखं आहे. बैलानं कान हलवला, बाकी काही नाही. आप्पा म्हणाले आवाळू हाय ते, ओझं एका अंगाला जास्त आलं किंवा जू नीट बसलं नाही की खांदा येतो, पिकला तर रक्त-पू, आणि तरीबी सीझन चालू असला की जुंपतात कारण आगाऊ पैशाची उचल घेतलेली असती मुकादमाकडनं, बैल बसला तर माणूस बुडतो. बेंदराच्या आदल्या दिवशी आपण खांदेमळणी करतो की नाही, लोणी-हळद लावून खांदा चोळतो, बरं का पोरी, ते ह्याच्यासाठी. मी इतकी वर्षं खांदेमळणी बघत आलोय, लहानपणी हातानं लोणी लावलंय, पण ते कशासाठी हे त्या गोळ्यावर हात ठेवल्यावर जेवढं समजलं तेवढं आधी कधी समजलं नव्हतं. माझ्या मते ह्या जागेला जायचं असेल तर ह्याच्यासाठी जा. कामानं जनावराच्या अंगावर काय काय लिहून ठेवलंय ते हातभर अंतरावरनं बघायला मिळतं, आणि ते बाकी कुठं कुणी दाखवत नाही.

वेसणी सगळ्यांच्या काढलेल्या, नाकातली भोकं तेवढी उरलीत. खुरांना डांबरी रस्त्यासाठी पत्र्या मारलेल्या असायच्या, त्याच्या खिळ्यांच्या खुणा. आणि अजून एक, हे आप्पांनीच दाखवलं, डॉक्टरांच्या पण लक्षात आलं नव्हतं. गव्हाणीवर एक जोडी उभी होती, आप्पा बघत राहिले आणि म्हणाले ह्यो डाव्या अंगाचा नि त्यो उजव्या अंगाचा. डॉक्टर म्हणाले कसं ओळखलं? तर म्हणे पाणी पिऊन येऊ द्या बघा. बैल पाण्यावर गेले, आले, आणि बरोबर तसेच उभे राहिले, ह्याच्या उजव्याला तो, त्याच्या डाव्याला हा. आता ना जू ना गाडी, तरी जागा सोडत नाहीत. डॉक्टर आप्पांना म्हणाले, आप्पा तुम्ही दर आठवड्याला येत जावा. आप्पा लाजले चक्क.

आवारात एक मोठा बोर्ड लावलाय, १९६५ च्या केंद्र सरकारच्या नियमांचा, ओढकाम आणि ओझ्याच्या जनावरांबद्दलचा. हे प्रत्येक साखर कारखान्याच्या गेटवर लावलं पाहिजे असं माझं मत. दिवसात नऊ तासांपेक्षा जास्त काम घ्यायचं नाही. सलग पाच तासांपेक्षा जास्त जुंपायचं नाही, मधी विश्रांती पाहिजे. गाढवाच्या पाठीवर पन्नास किलोच्या वर ओझं नाही. अणकुचीदार काठी, काटेरी लगाम बंद. आणि तापमान ३७ डिग्रीच्या वर असेल तर दुपारी बारा ते तीन जनावर जुंपायचंच नाही. हा शेवटचा नियम वाचून मेहुणा हसायला लागला, म्हणाला मग सोलापुरात बैलांना सहा महिने सुट्टीच. खरंय की, इथं मार्चातच सदतीस पार होतं आणि मेमध्ये त्रेचाळीस-चव्वेचाळीस म्हणजे काही बातमी नाही. पण नियम १९६५ पासून आहे बरं का, आणि उसाच्या सीझनमध्ये मोहोळ, पंढरपूर, माळशिरस कुठल्याही रस्त्यावर भर दुपारी टायरगाड्यांची रांग बघायला मिळते, वर ऊस असा रचलेला की बैल दिसतच नाहीत मागनं. आता छोटे ट्रॅक्टर बरेच आलेत त्यामुळं गाड्या कमी झाल्यात हे पण खरं. पण मग त्या गाड्यांचे बैल गेले कुठं, हा परत पोरीचाच प्रश्न.

ह्यावर डॉक्टर आणि आप्पांचं चांगलंच रंगलं आणि मी हे मुद्दाम लिहितोय कारण अशा जागांबद्दल लोक फक्त "किती छान काम" एवढंच लिहितात. आप्पांचं म्हणणं असं की शेतकरी काय राक्षस नाही. मोठ्या बैलाला दिवसाला आठ-दहा किलो कोरडा चारा लागतो, कडब्याचा शेकडा काय भावानं मिळतो ते जाऊन विचारा, मालदांडी ज्वारीचा कडबा तर चैनच झालीय. पूर्वी बैल उतारवयात विकला जायचा, पुढं काय व्हायचं ते कुणी विचारायचं नाही. २०१५ मध्ये कायदा बदलला, महाराष्ट्रात बैलांच्या कत्तलीवर पण बंदी आली, त्याच्या आधी १९७६ च्या कायद्यात गायीला बंदी होती पण म्हाताऱ्या बैलाला सर्टिफिकेटवर परवानगी मिळायची. आता म्हाताऱ्या बैलाला गिऱ्हाईकच नाही. विकता येत नाही, पोसायला परवडत नाही. मग सोडून देतात, रात्री हायवेला, नाहीतर असं गेटला बांधून. डॉक्टर म्हणाले खरंय, पण त्यानं वीस वर्षांतली बारा वर्षं तुमच्यासाठी ओढलंय, उरलेल्या आठ वर्षांचा हिशेब कुणीतरी धरायला पाहिजे की. आप्पा म्हणाले धरा की मग, उसाच्या भावातच धरा, टनामागं रुपाया कापा बैलाच्या म्हातारपणाचा. डॉक्टर म्हणाले कापतील का कारखानेवाले? ह्यावर दोघं पण हसले. राज्यात सगळ्यात जास्त साखर कारखाने आपल्या जिल्ह्यात, आणि बैलाच्या म्हातारपणाचा कप्पा कुठल्याच हिशेबात नाही, हा आप्पांचा मुद्दा मला अजून पटतोय. ही जागा त्याला उत्तर नाही. आहे त्या जनावरांना नीट मरू देते, एवढंच तिचं काम, आणि ते लोक स्वतः पण तेवढंच म्हणतात, मोठमोठ्या गप्पा मारत नाहीत, हे मला आवडलं.

गाढवांकडं गेल्यावर मात्र सगळ्यांचा मूड बदलला, कारण गाढवं लैच नगं आहेत. बैल तुमच्याकडं बघत पण नाहीत, गाढवं कुंपणाला येऊन उभी राहतात आणि खिसे हुंगतात. मेहुण्याच्या खिशातला रुमाल ओढून घेतला एकानं. आपल्याकडं गाढव म्हणजे शिवी, पण ही जनावरं बघून तसं वाटत नाही, चलाख आहेत आणि हट्टी तर आहेतच, धोका दिसला की जागेवर थांबतात त्याला आपण हट्ट म्हणतो असं डॉक्टर म्हणाले. बऱ्याच जणांच्या नाकपुड्या चिरलेल्या. हे मला अजिबात माहिती नव्हतं. ओझं वाहताना श्वास चांगला घेता येतो अशी समजूत आहे म्हणून लहानपणीच चिरतात, उपयोग शून्य, नुसती जखम. काहींचे खूर वाढून पुढनं वर वळलेले होते आले तेव्हा, कापून कापून आकारात आणायला कितीतरी महिने जातात.

गाढवांची जोडी असते आणि ती तोडायची नाही, हा तिथला नियम आहे. नर-मादी असंच काही नाही, दोन मैत्रिणी पण असतात, बरोबर काम केलेल्या. एकीला वेगळं काढलं तर दुसरी खाणं सोडते, आणि गाढवानं चार दिवस खाल्लं नाही तर रक्तात चरबी वाढून जीवावर बेततं. म्हणून दवाखान्यात पण दोघींना बरोबर नेतात, आजारी एकच असली तरी. एक मेली तरी दुसरीला थोडा वेळ तिच्याजवळ राहू देतात, मग ती आपणहून बाजूला होते. पंढरपूरकडची वाळूवाली एक जोडी होती, त्यातली एक आंधळी, दुसरी तिच्या अंगाला अंग लावून चालत होती. मेहुण्याची बायको रडली इथं. मी नाही, पण बोललो पण नाही काही.

घोड्यांचं थोडक्यात सांगतो. वरातीतल्या घोड्या आहेत, एकीच्या तोंडाचे कोपरे फाटून बरे झालेत, काटेरी लगामामुळं. डीजेच्या पुढं वर्षानुवर्षं नाचलेली घोडी, मोठा आवाज झाला की आजपण भिंतीला जाऊन चिकटते. म्हणून तिथं फोन सायलेंट करायला सांगतात आणि नेमका आमच्या मेहुण्याचा वाजला, रिंगटोन पण बँडबाजाची. डॉक्टरांनी जे बघितलं त्याच्याकडं. पुढच्या महिन्यात ज्यांच्या घरी लग्न आहे त्यांनी ही घोडी बघून यावी आणि मग काय ते ठरवावं.

मधी एक अवांतर. गेल्या वर्षी, २०२५ च्या जुलैत, नांदणी मठाची माधुरी हत्तीण कोर्टाच्या आदेशानं वनताराला नेली तेव्हा सगळं कोल्हापूर रस्त्यावर आलं होतं, आमच्या घरात पण आई आणि बायको दोन बाजूंना होत्या. त्याच्या आधी २०१७ मध्ये औंधच्या यमाई मंदिराचा गजराज मथुरेला गेला तेव्हा पण लोक रडले होते. दोन्ही बाजूंचं मला समजतं. पण हत्तीच्या म्हातारपणावर हायकोर्ट, सुप्रीम कोर्ट, मोर्चे, सगळं होतं, आणि ज्याच्या जिवावर आख्खा जिल्हा साखर खातो त्या बैलाच्या म्हातारपणावर एक पत्रक पण निघत नाही. असो. कमेंटमध्ये माधुरीवरून भांडू नका कृपया, त्यासाठी वेगळी जागा आहे.

मुलांना न्यावं का? सात-आठ वर्षांच्या पुढची असतील तर नक्की. लहान पोरांना कंटाळा येतो, मेहुण्याचा धाकटा अर्ध्या तासात विचारायला लागला शो कधी सुरू होणार. शो म्हणजे बैल बसलाय आणि रवंथ करायलाय, हाच शो. घसरगुंडी, ससे, सेल्फी पॉइंट असलं काही नाही, आणि नसावंच.

आता तक्रारी, कारण सगळंच गोड लिहिलं तर रिव्ह्यू कशाला.

एक म्हणजे टॉयलेट. आहे, पण बायकांनी वापरावं असं नाही, कडी नाही, पाणी बादलीनं न्यायचं. एवढ्या जनावरांची स्वच्छता ठेवणाऱ्यांना माणसांचं एक टॉयलेट नीट ठेवता येऊ नये? आई तर सरळ म्हणाली बैलांची सोय आपल्यापेक्षा बरी हाय की. म्हाताऱ्या माणसांसाठी बसायला बाक पण दोनच, ते पण उन्हात. जनावरांच्या म्हातारपणाचा एवढा विचार केलाय तर आमच्या आप्पांच्या गुडघ्यांचा पण करा थोडा.

दुसरी तक्रार मोठी आहे. फिरून झाल्यावर ऑफिसमध्ये नेतात आणि तिथं दत्तक योजनेचं चालू होतं. योजना चांगली आहे, एका जनावराचा महिन्याचा चारा तुम्ही द्यायचा, ते फोटो पाठवतात, ठीक. पण ज्या ताईंनी समजावून सांगितलं त्यांनी पोरांकडं बघून "कुठला बैल घेणार आपण?" असं सुरू केलं, आणि माझी पोरगी लगेच सर्जा सर्जा करायला लागली. आता तिथं बाप नाही कसं म्हणणार? पैसे मी दिले, द्यायचेच होते, पण लेकरांच्या तोंडून वदवून घेऊ नये. ते पैसे भरून चारा-ताट हातात घेऊन फोटो काढायचं पण तसंच, शुल्क "नाममात्र" म्हणतात पण चार पोरं असली की नाममात्राचं बरंच होतं. डॉक्टर इतका प्रामाणिकपणे बोलत होते आणि ऑफिसमध्ये आल्यावर एकदम सेल लागल्यासारखं वाटलं, तो सूर जुळत नाही. हे मी तिथल्या वहीत पण लिहून आलोय.

आणि माहितीचे बोर्ड. नियमांचा तो एक बोर्ड सोडला तर बाकी सगळे इंग्रजीत. बाहेरच्या देणगीदारांसाठी असतील, मान्य, पण जो शेतकरी आपला बैल इथं सोडायला येतो त्याला वाचता येईल असं काहीतरी पाहिजे की नको? शिंगाच्या कॅन्सरची लक्षणं मराठीत आणि कन्नडमध्ये लिहून लावली, अक्कलकोट-मंगळवेढ्याकडच्या लोकांना पण कळेल, तर एखादं शिंग वेळेत निघेल. डॉक्टर म्हणाले करतो. बघू.

खायला तिथं काही मिळत नाही, चहा देतात, चांगला देतात. आम्ही कडक भाकरी, शेंगा चटणी, धपाटे आणि दही घेऊन गेलो होतो, गेटबाहेर लिंबाखाली बसून खाल्लं. आत डबा उघडू देत नाहीत. आणि हे नीट वाचा, उरलेली भाकरी, चपाती, भात जनावरांना घालू नका, कितीही पुण्य वाटलं तरी. लोक लग्नातलं उरलेलं पातेलंच्या पातेलं आणून गव्हाणीत ओततात. रवंथ करणाऱ्या जनावराच्या पोटात एकदम भात, पोळी, गोड गेलं की आत आंबतं, आम्ल वाढतं, पोट फुगतं आणि एका रात्रीत बैल जातो. गेलेत म्हणाले तसे. द्यायचंच असेल तर कडबा द्या, पेंढी चांगली वाळलेली, बुरशी नसलेली. हिरवा चारा द्यायचा तर आधी विचारा. जुने कपडे, चादरी पण नकोत, त्याचं तिथं काय करणार. जाड पोती मात्र घेतात, थंडीत अंगावर टाकायला.

कुणी जाऊ नये? ज्याला दोन तासांत दहा रील करायच्यात त्यानं. ड्रोन तर अजिबात नको, आमच्या पुढच्या ग्रुपमधल्या एका हिरोनं काढला होता, घोड्या बिथरल्या, त्याला हाकलून दिलं ते योग्यच केलं. रविवारी जाऊ नका, गर्दी असते आणि डॉक्टर नसतात, मधल्या वाराला जा. जानेवारीत सिद्धेश्वराची गड्ड्याची यात्रा असते त्या आठवड्यात पण टाळा, तेव्हा ते लोक यात्रेच्या बाजारातली जखमी जनावरं बघायला गेलेले असतात, जागेवर फक्त राखणदार असतो.

स्टार चार. पाचवा टॉयलेट आणि त्या ऑफिसातल्या सेलमुळं कापला. उन्हाळ्यात जाणार असाल तर सकाळी सातला पोचा, टोपी आणि पाणी घरनं न्या. शेवटच्या पट्ट्यात इंटरनेट मिळत नाही त्यामुळं फोनपे चालत नाही, रोख ठेवा, आणि देणगी दिलीत तर पावती मागून घ्या, ८०जीची, म्हणजे आयकरात सवलतीची, देतात, मागितल्याशिवाय मात्र देत नाहीत. आप्पा जाणार असतात तेव्हा गाडीत एक सीट रिकामी असते, सोलापुरातनं कुणाला यायचं असेल तर मेसेज टाका, पेट्रोल निम्मं निम्मं.